आमच्या गावची

रात्रीच्या गोळ्या दिल्या. पांढरी, पांढरी, अर्धी गुलाबी.
कीरिया एवान्थिया भिंतीकडे तोंड करून झोपली
की दोन तास हे घर माझं.

फोन साखरेच्या डब्याला टेकवते.
तेओनाने त्बिलिसीहून तिकीट काढून दिलंय,
आई, बघच, तुझ्याच नदीकाठची गोष्ट आहे.
पाच युरो. तेवढ्यात आमच्याकडे
किलोभर चीज येतं, हे मी तिला बोलले नाही.

पडदा नाही, घंटा नाही.
कुठल्याशा स्वयंपाकघरात फ्रिजसमोर एक नटी उभी,
फ्रिजला चिकटवलेलं विजेचं बिल,
आणि ती म्हणते, मी कोल्खिसची.

मी आवाज कमी केला.
कुणी दारात येऊन पासपोर्ट मागावा तसं झालं.

तिची ग्रीक धुतलेली, इस्त्रीची.
माझी औषधाच्या दुकानातली:
कुठे दुखतं, कूस बदला, शाब्बास.
तिचे निम्मे शब्द माझ्या हातून निसटतात.
उरलेले पुरतात.

इथूनच निघालं होतं म्हणे ते जहाज, या वोलोसहून.
शाळकरी पोरं वीरांची नावं घडाघडा म्हणतात.
परतताना त्यात एक बाई जास्त होती,
तिच्यापाशी आकडा थांबतो.
मी बसने आले. तुर्कस्तान ओलांडून,
पायाशी मक्याच्या पिठाची पिशवी,
शेजारी अख्खा रस्ता ओकणारी लामारा.

सोन्याची लोकर, असं म्हणून ती हात पसरते
आणि मला हसू फुटतं.
अगं, मेंढीचं कातडं ते!
आमच्या वरच्या डोंगरात लोक ओढ्यात अंथरायचे,
वाळूतले कण केसांत अडकायचे,
महिन्याने झटकलं की चिमूटभर.
चिमटीसाठी एवढी वल्ही.

मग ती मुलांपाशी आली.
येणार हे मला ठाऊक होतं.
शाळेत बाईंनी हा धडा उभ्याने वाचला होता
आणि पुस्तक मिटून म्हणाल्या होत्या,
लक्षात ठेवा, हे तिकडच्यांनी लिहिलंय.

नटी फ्रिज उघडते.
दह्याचे दोन छोटे डबे काढते, दोन चमचे,
ओट्यावर शेजारी शेजारी ठेवते
आणि बोलतच नाही.
रेंज गेली वाटून मी फोन हलवला.

लाशा सहाचा होता, तेओना नऊची.
लाशाला आता दाढी आहे, तीही मी काचेतच पाहिली.
माझ्या हातात सुरी नव्हती.
दर पाच तारखेची पावती होती, पैसे पाठवल्याची.
तरी ते दोन चमचे...

"कोण रडतंय?" आतून कीरिया.
कुणी नाही. फोनमध्ये बाई आहे एक.
"कुठली?"
आमच्या गावची.
"काय झालं तिला?"
इकडे दिली होती.

म्हातारी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "तिला आत घे. थंडी पडलीय."

तिचं पांघरूण सारखं करून परतले तोवर संपलं होतं.
लहान लहान चौकोनांत माणसं
बिनआवाजाच्या टाळ्या वाजवत होती.
मला बघायचं होतं त्या दह्याचं काय झालं.
ते राहूनच गेलं.

नटी एकेकाचं नाव वाचून आभार मानत होती.
माझा चौकोन काळा,
नावाच्या जागी तेओनाने लिहिलेलं: देदा.
आमच्या भाषेत आई.
नटी अडखळली.
"देदा? कुठून बघताय?"

इथूनच, मी म्हणाले, वोलोसहून.
आणि खरं म्हणजे, नदीकडची. तुझ्याच.
एवढं बोलून झाल्यावर दिसलं
माईकवर तांबडी रेघ आहे.
बोट तिथे नेईपर्यंत
तिने पुढचं नाव घेतलं होतं.