वंगण

शब्द लॅटिनमधून आलेला. इतका प्रवास करून
त्याचा पाय कुठे घसरला नव्हता.
रेव्हरंड थर्कटलनी शनिवारी रात्री
मेणबत्तीपाशी धरून तो पारखला
आणि रविवारी व्यासपीठावरून
खालच्या बाकांवर सोडला:
"या गावात लुब्रिसिटी वाढली आहे."

गाव इंग्लंडच्या पूर्वेला, फेन्समधलं, समुद्राहून खाली,
काळी माती, बटाटे, पट्टीनं आखलेले कालवे,
एका बांधावर आणि वाफेच्या एका पंपावर तगलेलं.
बायकांनी माना खाली घातल्या;
न कळलेल्या शब्दापुढे मान घालायची हा शिरस्ता.
मागच्या बाकावर कुणाला वाटलं, गुरांचा रोग असेल.
मिसेस पेकनी मात्र वळून केझाया सेचेलकडे पाहिलं.
शब्द कुठलाही येवो, नजर कुठे जायची ते ठरलेलं होतं:
ईल धरणाऱ्या जोबच्या होडीत ती दोनदा दिसलेली,
दुसऱ्यांदा डोक्यावर टोपी नव्हती.

एकटा ईनॉक प्लेजर ताठ बसला.
पंपावरचा तेलवाला. नखांत रविवारीही काळं.
त्याला वाचता यायचं ते डब्यावरचं तेवढंच,
आणि डब्यावर, जहाजाच्या चित्राखाली, छापलं होतं:
उत्तम लुब्रिसिटीची हमी.
एकोणीस वर्षांत देवळात
त्याच्या कामाचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

दारात त्यानं हात पुढे केला.
"आभारी आहे, साहेब. मायकेलमसपासून नवं तेल आहे.
आधीची चरबी थंडीत गोठायची.
वाढली आहे, खरंच वाढली आहे. आणि वाढली नसती ना,
तर पंधरा दिवसांत
तुमच्या व्यासपीठाला पाणी लागलं असतं."

रेव्हरंडांचं तोंड उघडलं. मिटलं.
आणि थडग्यांमधून कुणी तरी हसलं,
केझायाच ती, शाल तोंडात कोंबून.

घरी त्यांनी कोश काढला.
निसरडेपणा; कामुकता.
दोन्ही एकाच ओळीत, मध्ये फक्त एक अर्धविराम.
त्या अर्धविरामावर ते बराच वेळ उभे होते,
पाय जपून.

मी हे लिहिते आहे आणि माझ्या भाषेत चाचपते आहे.
बुळबुळीत आहे, चावट आहे, चहाटळ आहे,
पण दोन्ही एकाच मुठीत धरणारा शब्द हाती येत नाही.
आमच्याकडे नुसता पाय घसरतो.
जीभ घसरते ती कुणाचीही, पुढाऱ्याची, पाहुण्याची;
पाय म्हटला की बहुधा बाईचा,
आणि जमिनीवर पाणी कुणी सांडलं
हे विचारायची रीत नाही.
वंगण मात्र आहे. त्यात पाप कुठेच नाही,
कपड्यांना डाग तेवढा.

नोव्हेंबरात पाणी बांधाच्या ओठाशी आलं.
सहा रात्री पंप थांबला नाही.
दांडा खाली जायचा, वर यायचा,
चकाकत, तेलात न्हालेला,
आणि सगळं गाव अंथरुणात पडून
तोच आवाज ऐकत होतं;
त्याला कुणी काही म्हटलं नाही.

सहाव्या रात्री केझाया आली, झाकलेलं मडकं घेऊन.
ईलचा रस्सा, जोबनं धरलेल्या.
"आवळलीस की निसटते ती," ती म्हणाली.
"सैल धरायची. जोबला कळायला वर्ष लागलं."
ईनॉक बॉयलरपाशी उभ्यानंच जेवला.
मग ती म्हणाली, "तो रविवारचा शब्द.
माझ्याबद्दल होता म्हणतात.
माझ्या अंगात आहे म्हणे ती."

ईनॉकनं चमचा खाली ठेवला.
प्रश्न त्याच्या धंद्यातला होता.
त्यानं तिच्याकडे पाहिलं, जसं बेअरिंगकडे बघावं,
कान देऊन.
"मग बरंय," तो म्हणाला.
"लवकर झिजणार नाहीस."

आणि तेलाची झारी घेऊन शिडी चढला.