झारेकरी

सराफ्यात भर मे महिन्यातही आमचा पंखा बंद.
मालकाला जुनाच काटा लागतो,
आणि काट्याला श्वासही सोसत नाही.
तेवीस वर्षं तोलतोय मी
गुंजागुंजेनं लोकांच्या लेकींची लग्नं.

परवा करुणा पोळी लाटता लाटता म्हणाली,
"हल्ली आमेनच्या आधीच
तुमचा हात मोबाइलकडे जातो."
भाव बघायला. खरं होतं.

घरात मूर्ती नाही, म्हणून मी निर्धास्त.
सुपर कॉरिडॉरवरच्या प्लॉटचा नकाशा मात्र
स्तोत्रांच्या पानांत जपलेला,
चुरगळू नये म्हणून.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं.
समोर जिलबीवाल्यानं कढई मांडली.
झारेकरी आला, पायरीवरची धूळ
कुंच्यानं गोळा करू लागला,
एकेका कणापुढे वाकत.
मीही असाच वाकत आलोय,
फक्त गादीवर बसून.

पारड्यात धुळीचा कण होता एक.
काटा हललाच नव्हता.
हे दुकान, हे इंदूर, झाडून सगळे देश
तुझ्या पारड्यात एवढेच ना, प्रभू?
आणि तरी तुला माझं नाव ठाऊक.

फुंकर मारवेना.

घरी येऊन नकाशा काढला, ट्रंकेत टाकला.
पानावर घडीचा वळ उमटलाय.
राहू दे.