हिप्परग्याला, तीन वेळा

बत्तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले.
"आटपा हो गुंडेटी, पंगत खोळंबलीय."
आता आटपा म्हणायला कुणी नाही.

स्कूटर बांधावर लावतो. ट्रायपॉडचा एक पाय ढिला,
त्याला सुतळी.
थर्मासमधला चहा अर्धा होईपर्यंत
कॅमेरा पिशवीतच.

मग जागा न हलवता तीन:
एक आभाळासाठी, त्यात काठ काळाठिक्कर.
एक पाण्यासाठी.
एक बाभळींखालच्या अंधारासाठी, सावकाश,
मनात आकडे मोजत, तेलुगूत,
कारण मोजायला आईनं शिकवलं.
त्यात आभाळ जळून पांढरं.

डोळ्याला हे सगळं एकदम दिसतं.
कॅमेरा बिचारा एका वेळी एकच धरतो.

दुपारी घरी, शेजारचे माग खडखडत असताना,
तिन्ही एकमेकांवर ठेवतो,
नको तिथला उजेड पुसत जातो.
घाई केली की टेकडीच्या कडेला
पांढरी किनार उमटते, खोटी.

आज मध्येच इस्माईल निघाला,
थर्माकोलच्या तराफ्यावर.
पहिल्यात जाळं हातात,
दुसऱ्यात जाळं पाण्यात,
तिसऱ्यात तो नाहीच,
नुसती हललेली एक करडी रेघ.

फोन लावला. यातला कुठला ठेवू?
"मासे दिसतात का त्यात?" म्हणाला.
नाही म्हटलं.
"मग कुठलाही."

तिन्ही राहू दिले.
लग्नात नवरदेव असा तीनदा उभा केला असता
तर पैसे बुडाले असते.

उद्या जाईन, किंवा परवा.
सुतळी बदलायला हवी.