नेल इल्ला

खानापुरात शाळेच्या गच्चीवर
होसमनी सरांनी दुर्बीण लावली तेव्हा
रांगेत माझा नंबर सतरावा.
निघताना बायको म्हणाली होती,
साडेसातीला लोक टाळतात,
तुम्ही भेटायला चाललात.

दिसला तो एवढासा. पिवळट, थरथरता,
कडं घातलेला ज्वारीचा दाणा.

सर सांगत होते, पुढंमागं माणूस तिथंही वस्ती करील.
मी विचारलं, जमीन कसली? काळी, की जांभ्याची?
सर आधी कानडीत बोलले, मग मराठीत.
नेल इल्ला री. जमीनच नाही.
नुसते ढग, ढगांखाली ढग,
पाय टेकायला तळ नाही.

साडेएकोणतीस वर्षं मी सर्व्हे खात्यात साखळी ओढली.
तेवढ्यात शनीची सूर्याभोवती एकच फेरी होते,
हेही त्याच रात्री कळलं.
नंदगड, जांबोटी, कणकुंबी.
हद्दीचा दगड रातोरात विहिरीत गेलेला पाहिला,
उतारा एका भाषेत, भांडण दुसऱ्या,
शिव्या दोन्हीत.
तिथं खुंटी कशात ठोकायची?

वजन मात्र इथल्याएवढंच भरतं म्हणे
वरच्या ढगांत.
भाताचं पोतं तिथंही पोत्याएवढंच जड.
ऐकून बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

मागून सातेरी कुंभार बोलला, कौलांच्या भट्टीवरचा.
तरंगणार कशावर ओ?
सर म्हणाले, भल्यामोठ्या फुग्यावर.
तिथली हवाच इतकी हलकी,
तिच्याहून हलकं भरायला काही नाही.
म्हणून तीच आत कोंडायची, तापवत राहायची.
निवली, की गाव खाली.

म्हणजे रात्रीचं कुणीतरी जागाय पाहिजे.
पाहिजे.
पगार किती?

सगळे हसले. सातेरी हसला नाही.
भट्टी लागली की तीन रात्री तो पाठ टेकत नाही,
जाळाच्या रंगावरून लाकूड सारतो.
एकदाच डुलकी लागली, नऊ हजार कौलं कच्ची निघाली.
कुणी विचारलं नाही तरी
तो आकडा अजून सांगतो.

जिना उतरून सायकल काढताना म्हणाला,
खाली म्हणजे किती खाली,
ते सरांनी सांगितलंच न्हाई.
मी म्हटलं, मोजायला माणूस लागंल.

साखळी हाय?

हाय की. दाराआड टांगलीया.