चतुःसीमा

मोडीतल्या जुन्या फेरिस्तात आमच्या पेठेची नोंद आहे:
पूर्वेस नदी, दक्षिणेस रंगाऱ्यांचे हौद,
पश्चिमेस शिवलिंगाप्पाची बाव.
उत्तर कसरीनं खाल्ली.

भूमापनाच्या नकाशात नदीचा ओढा झाला,
विकास आराखड्यात नाला,
आणि मी कामाला लागलो त्या साली
ती ड्रेनेज खात्याकडं वर्ग झाली.
फाईल माझ्याच टेबलावरून गेली.
शाई पसरली नाही, काही नाही.

राजव्वा गुंडेटी दर भाद्रपदात येते,
पदराला सुताचे धागे चिकटलेले.
मागाच्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी, म्हणते,
पंचनामा करा.
मी उतारा दाखवतो: हे बघा,
तुमच्या घराला नदीकाठ लागतच नाही,
पूरग्रस्त कसं लिहू?
ती उताऱ्याकडं बघतसुद्धा नाही.
"नदीच आलती बगा.
तिला कुटं ठावं, तुमी खातं बदललं ते."

घरपट्टीची थकबाकी मात्र
तिनं मागच्याच महिन्यात भरलेली.
पावती प्लास्टिकच्या पिशवीत, तिसरी घडी घालून.

आज पाचला कोऱ्या अर्जावर
'पूर्वेस' एवढंच लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसलो.

आभाळ अक्कलकोटच्या अंगाला काळं झालेलं.
शिपाई बसण्णा खालच्या फळीवरची रजिस्टरं
एकेक करून वर चढवत होता,
जन्म आधी, मग मृत्यू, मग कर.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.