विषय क्रमांक नऊ

किलव्हाराच्या नगरसभेत
विषय क्रमांक नऊ : धक्क्याच्या रस्त्याला खडी.
फिंटन गिलहूली उठले, खाकरले,
"खाण माझ्या मेव्हण्याची. मी बाहेर थांबतो."
नियमाप्रमाणे.
ब्रीदने वेळ लिहिली : सात चाळीस.

कोट मात्र खुर्चीवरच राहिला,
ओला, लोकरीचा,
खांद्यांना अजून त्यांच्याच खांद्यांचा फुगवटा.
सगळे बोलले ते कोटाकडे बघत.
दर कुणी विचारला नाही.
एकाने विचारलं, हीटर वाढवू का.
हात वर : आठ.

सात त्रेचाळीस.
आधी सिगारेटचा वास आत आला, मागून ते.
"झालं?" एवढंच.

ब्रीदचं पेन अडलं.
इतिवृत्तात कोटासाठी रकाना नसतो.
आणि नवऱ्याचा ट्रक त्याच खाणीवर लागलाय
हे तिनं तरी कुठं नोंदवलंय?
तसं तिला कुणी विचारलंही नाही म्हणा.

बाहेर तोच ट्रक, इंजिन चालू,
तिला न्यायला आलेला.
सीटवर पांढरी भुकटी.
ती हातानं झटकते, मग बसते.
घर येईपर्यंत
कोटाला लागलेली असतेच.