तुरळक ठिकाणी

बातम्या संपता संपता
रेडिओवरची बाई सारा देश सांगून टाकते दोन मिनिटांत.
राजस्थानातून पाऊस परतला.
लाहौलात पहिला बर्फ.
केरळात पिवळा इशारा,
उपसागरात काहीतरी घोंगावतंय, त्याला अजून नाव नाही.
मग एक श्वास,
आणि: विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या सरी.
"आला आपला नंबर," मुखरूमामा म्हणतो,
"आपन तुरळक ठिकान हावो बाप्पा."

पारबता फक्त बर्फाचं ऐकते,
नात शिमल्याला नर्स आहे.
लाहौल तिथून किती लांब, तिला ठाऊक नाही.
बाकीचा देश होईपर्यंत ती लसूण सोलते.

मी पर्जन्यमापकाची बाई.
ग्रामपंचायतीच्या मागं, तारेच्या कुंपणात,
साडेआठला काचेचं नळकांडं डोळ्यांसमोर धरायचं,
पाण्याची रेघ वाचायची, तालुक्याला कळवायचं.
दसऱ्यापासून रोज एकच शब्द: निरंक.
एकदा नरसाळ्यात सरडा होता.
तेव्हाही निरंक.

हलका धान कापून कडपा पडल्यात बांध्यांत,
म्हणून संध्याकाळी सगळे मलाच विचारतात,
"येत्या पाच दिवसांचं सांग ना वो, वच्छला."
मी म्हणते, मी मागचं मोजते गा,
पुढचं लांब कुठंतरी मोजतात.

काल रात्री दोनला
पत्र्यावर कुणी मूठभर तांदूळ फेकावेत
तसं वाजलं, थोडा वेळ, आणि थांबलं.
सकाळी नळकांड्यात दोन पूर्णांक चार.
तालुक्याचा साहेब म्हणाला, नीट बघा बाई,
अख्ख्या जिल्ह्यात निरंक आहे,
कुणी झेंडूला पाणी घातलं असेल.

पुन्हा पाहिलं. दोन पूर्णांक चार.
मग चप्पल घालून निघाले पावसाची हद्द बघायला.
मोहाच्या झाडापर्यंत ओलं.
चक्कीची पायरी अर्धी ओली, अर्धी कोरडी,
कोरड्या अर्ध्यावर कुत्रं झोपलेलं.
रस्त्यापलीकडं नुसती धूळ.

अलीकडं इस्तारीच्या बांधीत
सात-आठ बाया कडपा उलटवत होत्या,
न बोलता, ओली बाजू उन्हाकडं.
मीही दोन ओळी उलटवल्या.
खालून एक बेडूक निघाला, रागावलेला.

तिथूनच फोन लावला.
लिहा साहेब, दोन पूर्णांक चार.
त्यानं लिहिलं की नाही, कळलं नाही.
माझ्या वहीत आहे,
बोटभर चिखलासकट.